उतारावरचं घर : वणव्याची जोखीम कमी करण्याचं एक प्रकरण

हे प्रकरण ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यातलं आहे. कुटुंबाची, शेजाऱ्याची आणि जागेची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. निर्णय ज्या क्रमाने झाले तो क्रम मात्र तसाच ठेवला आहे, कारण शिकण्यासारखं बरंचसं त्या क्रमातच आहे.

पार्श्वभूमी

ग्रेट डिव्हायडिंग रेंजच्या पूर्व अंगाला एका सोंडेवर 18 हेक्टर जागा. घर 1980च्या दशकातलं. लाकडी फळ्यांच्या भिंती, पत्र्याचं छप्पर, सगळं घर खांबांवर उचललेलं आणि खांबांमधली जागा उघडी. वायव्येला दरीकडे तोंड करून मोठा लाकडी डेक, कारण सूर्यास्ताचं दृश्य तिकडेच आहे. मालकीणबाई निवृत्त परिचारिका, त्यांचे यजमान सुतार. दोघंही सत्तरीच्या आसपास, आणि यजमानांच्या हृदयावर एक शस्त्रक्रिया झालेली.

ज्या बाजूला दृश्य, त्याच बाजूने धोका. आग्नेय ऑस्ट्रेलियातल्या सगळ्यात वाईट वणव्यांच्या दिवशी खंडाच्या आतल्या भागातून वायव्येचा कोरडा, तापलेला वारा सुटतो. दुपारनंतर थंड हवेचा पट्टा आला की वारा एकदम नैऋत्येकडून किंवा दक्षिणेकडून वाहू लागतो आणि आगीची बाजूची लांबच लांब कड हीच नवी आघाडी बनते. 7 फेब्रुवारी 2009 रोजी व्हिक्टोरियात 173 माणसं गेली, त्या दिवशीही वाऱ्याने अशीच दिशा बदलली होती. त्यात उताराची भर. ठोकताळा असा की चढ 10 अंशांचा असेल तर वर चढणाऱ्या आगीचा वेग दुप्पट होतो, 20 अंशांचा असेल तर चौपट. या घराच्या डेकखालून दरीत उतरणारी जमीन साधारण 15 अंशांची आहे.

दरीतलं 6 हेक्टर जंगल याच कुटुंबाच्या मालकीचं. निलगिरीच्या कुळातली कोरड्या जागेतली झाडं, बरीचशी तंतुमय सालीची, म्हणजे ‘स्ट्रिंगीबार्क’, आणि खाली दाट झुडपं. तिथे वीस वर्षांहून जास्त काळ आग शिरलेली नव्हती. पश्चिमेला शेजाऱ्याचं गवताळ रान. शेजारी सिडनीत राहतो आणि महिन्यातून एखाद्या शनिवारी-रविवारी येतो. दक्षिणेला नगरपालिकेची राखीव झाडी.

मग 2019 साल आलं. नोंदी सुरू झाल्यापासूनचं ऑस्ट्रेलियातलं सगळ्यात उष्ण आणि सगळ्यात कोरडं वर्ष. देशाचा सरासरी पाऊस 277 मिलिमीटर, म्हणजे नेहमीपेक्षा सुमारे 40 टक्के कमी. त्या उन्हाळ्यात एकट्या न्यू साउथ वेल्समध्ये सुमारे 55 लाख हेक्टर जमीन जळाली आणि 2,400 हून अधिक घरं गेली. हे दांपत्य दोनदा घर सोडून गेलं आणि दोनदा परत आलं. आग काही किलोमीटरवर असताना फेब्रुवारी 2020च्या पावसाने ती थांबली. दोघांनी तेव्हाच ठरवलं की पुढच्या वेळी पावसाच्या भरवशावर राहायचं नाही.

प्रश्न काय होता

यजमानांच्या मते प्रश्न सरळ होता: दरी जाळून टाकायची. वीस वर्षांचा पालापाचोळा साठलाय, तो काढला की काम झालं. बाईंचा याला विरोध होता. दरीत पोकळ ढोल्या असलेली जुनी झाडं आहेत, त्यात ‘ग्लायडर’ हे उडी मारत तरंगणारे निशाचर प्राणी राहतात, आणि ढोली तयार व्हायला अशा झाडाला शंभरएक वर्षं लागतात. दोघांचा वाद अख्खा हिवाळाभर या एकाच मुद्द्यावर चालला.

त्यांनी रूरल फायर सर्व्हिसच्या, म्हणजे आरएफएसच्या, स्थानिक स्वयंसेवी तुकडीला पाहणीसाठी बोलावलं. तुकडीप्रमुख दरीच्या कडेला पाचेक मिनिटं उभा राहिला असेल. उरलेला दीड तास तो घराभोवती फिरला. त्याने लिहून दिलेली यादी अशी: पन्हळीत पानांचा थर. डेकखाली रचलेलं सरपण. भिंतीला टेकून केलेल्या वाफ्यांवर पाइनच्या सालींचं आच्छादन. छपराचा पत्रा आणि वळचण यांच्यामध्ये बोट जाईल एवढ्या फटी. गॅसच्या सिलिंडरची सुरक्षा-झडप घराच्या दिशेने वळवलेली. पाण्याच्या पंपापासून निघणारा पाइप प्लास्टिकचा आणि जमिनीवरून गेलेला. पंप विजेवर चालणारा.

वणव्यात घर कसं जळतं याची आपल्या मनातली कल्पना बहुतेक वेळा चुकीची असते. ज्वाळांची भिंत येऊन घर गिळते असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक घरं ठिणग्या आणि निखाऱ्यांमुळे पेटतात, आणि आघाडी पुढे सरकून गेल्यावरही तासन्‌तास निखारे पडत राहतात. जळती साल वाऱ्यावर दूरवर जाते. 2009च्या त्या दिवशी मूळ आगीपासून 30 किलोमीटरपेक्षा लांबही नव्या आगी लागल्या. दरी पूर्ण उजाड केली असती तरी पन्हळीतली पानं पेटवायला पलीकडच्या डोंगरावरचा एक निखारा पुरला असता.

तेव्हा प्रश्न एक नसून तीन होते: घर, दरी आणि कुंपणापलीकडचं गवत. प्रत्येकावर कोणाचा ताबा किती, हे वेगवेगळं होतं. घर पूर्णपणे त्यांच्या हातात होतं, दरी हवामानाच्या हातात आणि गवत शेजाऱ्याच्या.

विचारात घेतलेले पर्याय

दरीबद्दलचा विचार सगळ्यात जास्त लांबला, म्हणून तो आधी.

थंड ऋतूत मुद्दाम लावलेली सौम्य आग नेमकं काय करते, हे समजून घेणं गरजेचं होतं. आगीचा वेग आणि उंची ठरवणारं इंधन म्हणजे मोठे ओंडके नव्हेत, तर 6 मिलिमीटरपेक्षा बारीक काटक्या, पानं, गवत, साल. पाहणी करणारे ते चार थरांत बघतात: जमिनीवरचा पाला, त्याच्या लगत वर उभं असलेलं गवत आणि बुटकी झुडपं, त्यावरची उंच झुडपं, आणि झाडांची साल. जुना नियम सांगायचा की पाला दुप्पट तर वेग दुप्पट आणि तीव्रता चौपट. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जंगलांत 1998 ते 2001 या काळात झालेल्या ‘व्हेस्टा’ प्रकल्पाच्या प्रयोगांनी हे चित्र बदललं. पाल्याच्या वजनापेक्षा जमिनीलगतच्या त्या दुसऱ्या थराची उंची आणि दाटी वेग ठरवण्यात जास्त महत्त्वाची निघाली. याचा व्यावहारिक अर्थ असा की सगळं जंगल काळंठिक्कर करण्यात फायदा नाही. खालचा थर मोडला आणि आग शेंड्यांकडे चढवणारी सालीची शिडी तुटली तरी खूप काम होतं.

तीव्रतेचा आकडाही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. आघाडीच्या दर मीटरला साधारण 4,000 किलोवॅटच्या पुढे गेलेली आग समोरून जाऊन विझवता येत नाही. आखीव जाळणीत ती 500च्या खाली ठेवायची असते. अतिभीषण दिवशी मात्र आग हे सगळे हिशेब ओलांडून शेंड्यांवरून पळते आणि काही वर्षांपूर्वी जाळलेला पट्टाही तिला फारसा अडवत नाही. म्हणून ‘जाळलं की सुरक्षित’ हा दावा जितका खोटा, तितकाच ‘जाळून काही उपयोग नाही’ हाही. आगीच्या हंगामातले बहुतेक दिवस मधले असतात, आणि त्या दिवशी पातळ झालेलं इंधन जवानांना उभं राहायला जागा देतं.

उलट बाजूला जंगलाची गरज. अशा झुडपी कोरड्या जंगलासाठी राज्यातली मार्गदर्शक मर्यादा दोन आगींमध्ये साधारण 7 ते 30 वर्षांचं अंतर सांगते. त्याहून लवकर जाळत राहिलं तर ज्या झुडपांचं बी तयार व्हायला काही वर्षं लागतात ती नाहीशी होतात. फार काळ आग आलीच नाही तर दुसऱ्या काही जाती मागे पडतात. म्हणजे वीस वर्षांहून जास्त झालेली ही दरी जाळण्यात पर्यावरणाच्या बाजूनेही गैर काही नव्हतं. बाईंचा आक्षेप मग ‘जाळू नये’ यावरून ‘कसं जाळावं’ यावर आला, आणि वाद मिटायला तिथून सुरुवात झाली.

यंत्राने झुडपं भरडणं हा दुसरा पर्याय. हवामानाची वाट बघावी लागत नाही, धूर नाही. पण 15 अंशांच्या उतारावर माती उघडी पडली की पहिल्या मोठ्या पावसात ती ओढ्यात जाते, आणि उघड्या मातीत तण शिरतं. राज्यात ‘10/50’ नावाचा नियम आहे. ठरवून दिलेल्या भागात राहत्या घरापासून 10 मीटरच्या आतली झाडं आणि 50 मीटरच्या आतली खालची झुडपं परवानगीशिवाय काढता येतात. 18 अंशांहून जास्त उतारावर आणि ओढ्याकाठी त्याला बंधनं आहेत. सप्टेंबर 2021मध्ये त्याच्या जोडीला आणखी एक मुभा आली: ग्रामीण जमीनमालकांना हद्दीपासून 25 मीटरपर्यंतची झाडी काढता येऊ लागली. शेजाऱ्याला ही कल्पना फार आवडली. दोन्ही बाजूंनी 25-25 मीटर साफ, मध्ये कुंपण, विषय संपला. कायदा करू देतो म्हणून ते करावंच असं नाही. निखारे 50 मीटरचा पट्टा सहज ओलांडतात, आणि उतारावर तो पट्टा दर वर्षी कोणीतरी राखावा लागतो. कोण राखणार, याचं उत्तर शेजाऱ्याकडे नव्हतं.

मेंढ्या हा तिसरा पर्याय, फक्त गवतासाठी. गवतातली आग जंगलातल्या आगीपेक्षा खूप वेगाने पळते, ताशी 25 किलोमीटरपर्यंत; पण गवत 10 सेंटिमीटरच्या खाली राहिलं तर तिच्यात दम उरत नाही.

जमिनीखालचं तळघर-बंकर बांधायचा विचार यजमानांनी काही दिवस केला. तो सोडून दिला, आणि माझ्या मते योग्य सोडला. बंकर आहे म्हटल्यावर माणूस उशिरापर्यंत थांबतो. 2009मध्ये गेलेल्या 173 जणांपैकी 113 जण घरातच सापडले, आणि त्यानंतर अधिकृत सल्ल्याचा जोर ‘लवकर निघा’ याकडे झुकला. हृदयाच्या रुग्णाने थांबण्याची योजना करू नये, हे तर कोणीही सांगेल.

कृती

पहिल्या वर्षी फक्त घर. हातात असलेली रक्कम साधारण 15 हजार ऑस्ट्रेलियन डॉलर, आणि यजमान स्वतः सुतार असल्यामुळे मजुरी जवळजवळ शून्य. वळचणीच्या आणि भिंतींच्या फटी बुजवल्या. खिडक्यांना आणि छपराखालच्या झरोक्यांना 2 मिलिमीटर छिद्रांची धातूची जाळी बसवली. घराखालची उघडी जागा बारीक जाळीने बंद केली. डेकचा भिंतीलगतचा भाग काढून तिथे सिमेंटच्या फळ्या टाकल्या. उरलेला डेक पैशांअभावी तसाच राहिला. पाइनच्या सालींच्या जागी खडी आली. सिलिंडरची झडप उलट दिशेला वळवली, पाइप धातूचा केला आणि जमिनीत पुरला, विजेचा पंप काढून डिझेलचा घेतला. पेट्रोलचा पंप स्वस्त पडला असता, पण प्रचंड उष्णतेत पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि पंप बंद पडू शकतो.

वयस्कर आणि आजारी रहिवाशांसाठी आरएफएसची ‘एडर’ नावाची मोफत सेवा आहे. तिच्या पथकाने एका दिवसात पन्हळी साफ करून दिल्या आणि घरावर वाकलेल्या फांद्या छाटल्या. ही सेवा मागायला यजमानांना कमीपणा वाटत होता. अर्ज बाईंनी परस्पर भरला.

20,000 लिटरच्या पाण्याच्या टाकीला अग्निशमन गाडीची नळी जोडता येईल अशी 65 मिलिमीटरची स्टॉर्झ जोडणी बसवली आणि फाटकावर पाणी असल्याची लाल पाटी लावली. फाटक मोठ्या गाडीसाठी अरुंद होतं, ते रुंद केलं. सगळ्या कामांत हे सगळ्यात कंटाळवाणं. पुढे तेच कामी आलं.

शेजाऱ्याला पाठवलेल्या पहिल्या दोन पत्रांना उत्तर आलं नाही. इथे खरा निर्णयाचा क्षण होता. 1997च्या रूरल फायर्स कायद्याखाली आरएफएस पाहणी करून मालकाला आगीचा धोका हटवण्याची नोटीस देऊ शकते, आणि तक्रार करणं अगदी सोपं आहे. यजमान तक्रारीच्या बाजूचे होते. बाई म्हणाल्या, नोटीस आल्यावर तो एकदा गवत कापेल आणि आपल्याशी बोलणं कायमचं बंद करेल. एका शनिवारी त्या थेट त्याच्या दारात गेल्या. त्याची अडचण वेगळीच निघाली. आपल्या जमिनीवर दुसऱ्याची जनावरं आली आणि कुंपण तुटून ती रस्त्यावर गेली, तर जबाबदार कोण, ही त्याला भीती होती. गावातल्या एका मेंढपाळाने स्वतःच्या विम्यावर, लेखी करार करून, त्याच्या रानात मेंढ्या सोडायचं कबूल केलं. शेजाऱ्याला फुकटात गवत कापून मिळालं, मेंढपाळाला फुकटात चारा. हे जमायला पहिल्या पत्रापासून दीड वर्ष गेलं.

दरीची जाळणी मात्र रखडली. आगीच्या धोक्याचा काळ साधारण 1 ऑक्टोबर ते 31 मार्च. त्यात परवाना लागतो आणि जाळणीला योग्य हवा क्वचितच मिळते. म्हणून शरद ऋतू, म्हणजे तिथला एप्रिल-मे, धरायचा. पर्यावरण तपासून मिळणारं, इंधन कमी करण्याचं प्रमाणपत्र मोफत असतं, पण ते 12 महिनेच चालतं. 2020पासून ला निन्या लागोपाठ तीन वर्षं राहिलं. पाऊस थांबेना, दरी ओली, आणि शेजारच्या रानात गवत कमरेएवढं. दोन शरद ऋतू तसेच गेले. प्रमाणपत्राची मुदत संपली, पुन्हा अर्ज, पुन्हा पाहणी. या काळात एक काम तेवढं झालं: घर आणि दरी यांच्यामध्ये उताराला आडवी 4 मीटर रुंदीची जाळरेषा गवत कापून तयार केली आणि राखली.

2023च्या शरदात अखेर चार दिवस कोरडे मिळाले. आधी शेजाऱ्यांना आणि अग्निशमन केंद्राला कळवलं. इथे स्थानिक मूळनिवासी समाजातल्या एका जाणत्याला बोलावलं होतं. त्याचा सल्ला तुकडीच्या नेहमीच्या पद्धतीपेक्षा वेगळा होता. कडेने रांगेत आग लावत जायची नाही. वरच्या अंगाला एकेका बिंदूवर लावायची आणि तिला उताराने सावकाश खाली उतरू द्यायची, म्हणजे किडेमुंग्या, सरडे, पक्षी यांना निघून जायला वेळ मिळतो आणि शेंडे होरपळत नाहीत. दवाने ओले राहिलेले तुकडे आपोआप सुटतात. तसंच केलं. 6 हेक्टरपैकी घराजवळचे वरचे सुमारे 2 हेक्टर ठिपक्याठिपक्यांनी जळाले, खालचे 4 तसेच राहिले. ढोल्यांच्या झाडांभोवतीचा पाला आधी दाताळ्याने ओढून काढला होता. तरीही एका जुन्या झाडाच्या बुंध्यात निखारा शिरला, ते तीन दिवस आतून धुमसलं आणि पडलं. बाई त्यावर पुढे कितीतरी दिवस बोलल्या नाहीत.

आगीचा दिवस

त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात, आदल्या दिवशीच्या कोरड्या विजांनी वायव्येला डझनभर किलोमीटरवर आग लागली. सकाळचा धोक्याचा दर्जा ‘एक्स्ट्रीम’ जाहीर झाला.

इथे एक किचकट गोष्ट सांगायला हवी. 2020मध्ये लिहिलेल्या कुटुंबाच्या योजनेत ‘सिव्हिअर दर्जा लागला की सकाळीच निघायचं’ असं वाक्य होतं. 1 सप्टेंबर 2022 रोजी देशभर नवी पद्धत आली आणि दर्जे चारच उरले: मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम, कॅटॅस्ट्रॉफिक. ‘सिव्हिअर’ हा दर्जाच गेला. म्हणजे योजनेतली खूणगाठ अस्तित्वातच राहिली नव्हती, आणि हे वर्षभर कोणाच्या लक्षात आलं नाही. मेंढपाळाशी करार करताना कागद पुन्हा काढले तेव्हा बाईंनी ते वाक्य बदललं: ‘एक्स्ट्रीम’ला सकाळी आठच्या आत, ‘कॅटॅस्ट्रॉफिक’ला आदल्या संध्याकाळी. त्या दिवशी ते कुत्र्याला घेऊन आठच्या आधी निघाले. यजमानांना पंप चालू करून यायचं होतं. बाईंनी गाडीची किल्ली दिली नाही.

दुपारी तीनच्या सुमारास आग शेजाऱ्याच्या रानाच्या वरच्या टोकाला आली. चरलेल्या भागात ज्वाळा गुडघ्याएवढ्या राहिल्या, तुकड्यातुकड्यांनी पळाल्या, आणि एका गाडीच्या जवानांनी त्या कुंपणाशी अडवल्या. दरीत वेगळं घडलं. खालच्या न जाळलेल्या 4 हेक्टरमध्ये आग सालींवरून वर चढली आणि काही ठिकाणी शेंड्यांना लागली. वर सरकताना, जाळलेल्या पट्ट्यात, ती जमिनीवर उतरली. त्याच सुमारास वाराही वळून दक्षिणेकडून वाहू लागला आणि आग घरापासून दूर ढकलली गेली.

निखारे मात्र त्याआधी तासभर पडत होते. घरापासून 7 मीटरवर यजमानांची कामाची शेड होती. तिच्या सरकत्या पत्र्याच्या दाराखाली फट होती आणि आत वाऱ्याने गोळा झालेली पानं. शेड पेटली. आत लाकूड, वार्निश, गवत कापायच्या यंत्राचं पेट्रोल. त्या उष्णतेने घराच्या त्या बाजूच्या खिडकीची काच तडकली. बाहेरची धातूची जाळी टिकली म्हणून ठिणग्या आत गेल्या नाहीत. कुंपणावरची गाडी रुंद केलेल्या फाटकातून वर आली, टाकीला नळी जोडली आणि जवानांनी ती भिंत ओली ठेवली.

निष्पत्ती

घर वाचलं. शेड आणि यजमानांची चाळीस वर्षांची हत्यारं गेली. डेकच्या लाकडी भागावर निखाऱ्यांच्या जळक्या खुणा आहेत. गावात सरसकट बोललं जातं की ‘जाळणीने घर वाचवलं’. मला ते पटत नाही. जाळलेल्या पट्ट्यात आग खाली उतरली हे जवानांनी पाहिलं, पण वारा वळला तो जवळजवळ त्याच वेळी, आणि दोन्हींतलं काय किती कामाला आलं हे वेगळं काढता येणार नाही. घराच्या बाबतीत मात्र साखळी स्पष्ट दिसते: साफ पन्हळ, बंद फटी, जाळी, आणि ऐन वेळी पाण्यापर्यंत पोहोचू शकलेली गाडी. यातली एकही गोष्ट दोघांच्या हिवाळाभराच्या वादात नव्हती.

वेगळं काय करता आलं असतं

शेड. घरासाठी इतकी बारीक यादी केली, पण शेड राहतं घर नाही म्हणून पाहणीत ती घराचा भाग धरली गेली नाही. घराला 7 मीटरवर लागून असलेली, पेट्रोल आणि लाकडाने भरलेली शेड म्हणजे घराच्या दारात ठेवलेलं सरपणच. तिच्या दाराखाली रबराची पट्टी आणि आतली झाडलोट यांना एक दुपार पुरली असती. पेट्रोलचा डबा दूर ठेवायला तर तेवढीही नको होती.

शेजाऱ्याशी बोलणं पत्रांनी सुरू झालं ही दुसरी गोष्ट. पहिल्याच महिन्यात समोरासमोर बोलणं झालं असतं तर ला निन्याच्या त्या उंच गवताच्या वर्षांत मेंढ्या रानात असत्या. ती दोन वर्षं नशिबाने कोरडी आली नाहीत, एवढंच.

जाळणी रखडली त्याला हवामान कारण होतं, पण नियोजनही. प्रमाणपत्र आणि तुकडीचा वेळ दोन्ही एकाच मोठ्या जाळणीसाठी मागितले होते: 6 हेक्टर, एका दमात. इतक्या ओल्या वर्षांतही अर्ध्या हेक्टरला पुरेल एवढी कोरडी दुपार एखादी मिळतेच. सुरुवातीपासून छोटे तुकडे धरले असते तर वरचा पट्टा कदाचित 2021मध्येच झाला असता. शेवटी जे केलं तेही तुकड्यातुकड्यांनीच केलं.

विम्याची तपासणी कोणी केली नव्हती. घराचा विमा जुन्या बांधकामाच्या किमतीवर होता. आज ते घर नव्याने बांधायचं तर एएस 3959 या वणवाप्रवण भागातल्या बांधकामाच्या मानकानुसार, त्या जागेला मोजलेल्या उष्णतेच्या पातळीप्रमाणे, काच, भिंती, डेक सगळं बदलावं लागेल, आणि खर्च विम्याच्या रकमेच्या बराच पुढे जाईल. घर जळालं असतं तर हे तेव्हाच कळलं असतं. शेडमधली हत्यारं विम्यात धरलेलीच नव्हती.

आणि दरीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. जाळलेल्या वरच्या पट्ट्यात आगीच्या उष्णतेने जमिनीतलं बाभूळवर्गातल्या ‘वॉटल’चं बी फुटलं. रोपं आता छातीएवढी आणि इतकी दाट की आत चालता येत नाही. म्हणजे जो दुसरा थर मोडायला जाळणी केली, तोच काही जागी आधीपेक्षा दाट झाला आहे. पुन्हा लगेच जाळलं तर सात वर्षांच्या मर्यादेच्या खूप आत येतं आणि सावकाश बी धरणारी झुडपं जातील. न जाळता ठेवलं तर पुढची काही वर्षं डेकखालचा उतार सगळ्यात धोक्याच्या अवस्थेत राहील. यजमान आता हाताने कापायच्या बाजूचे आहेत, पण वय आणि उतार दोन्ही आड येतात. मूळनिवासी जाणत्याचं म्हणणं की वॉटल काही वर्षांत आपोआप विरळ होतं, तेवढा धीर धरावा आणि तोवर फक्त घराजवळचा 20 मीटरचा भाग कापावा. तुकडीप्रमुखाला ते धोक्याचं वाटतं. पुढच्या शरदाआधी दोघांना एकत्र बसवून, प्रमाणपत्राचा नवा अर्ज भरण्याच्या आत, यावर निर्णय घ्यायचा आहे.